उरलेल्या गोळ्या मोजायच्या

मिरज,
जूनचा शेवटचा आठवडा

चि. छकुले,



तू पुण्याला पोचलीस त्याच रात्री वहिनीशी फोनवर बोलताना कळलं, की तुझ्या फिटच्या गोळ्या तिने स्ट्रिपमधून सोडवून बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरून दिल्यात. "खोलीत तीन मुली असणार, उगाच चर्चा नको," असं तिचं म्हणणं. आईचा जीव आहे, मी वाद घातला नाही. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेय मी. नाव नसलेली गोळी दिसली की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

तर पहिलं काम ते. ती बाटली बाजूला ठेव आणि तिच्यातली एकही गोळी घेऊ नकोस. सुरुवातीच्या 25 मिलिग्रॅमच्या उरलेल्या आणि आताच्या 50 च्या, दोन्ही तिने एकत्र ओतल्यात. बघून तुला फरक कळेल असं समजू नकोस. भल्याभल्या कंपाउंडरांना कळत नाही. आजच चिठ्ठी घेऊन जा आणि नव्या स्ट्रिप आण. रात्रीचा डोस चुकायला नको.

स्ट्रिप घेताना चार गोष्टी वाचायच्या. एक, नाव: लॅमोट्रिजिन. लॅमिव्हुडीन नावाचं एक अगदी वेगळं औषध आहे, एचआयव्हीवरचं. घाईच्या हस्ताक्षरात ही दोन नावं एकमेकांच्या जागी वाचली जातात. दोन, मिलिग्रॅम. तीन, नावापुढची अक्षरं. तुझी गोळी साधी, दिवसातून दोनदा घ्यायची. 'ओडी' किंवा 'एक्सआर' लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू सुटणारी असते. ती तुझ्या गोळीच्या जागी चालत नाही. चार, एक्सपायरी. पाच गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो आणि तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. मीही शेकडो वेळा अशी कापली आहे, म्हणून सांगते: पूर्ण स्ट्रिप घे. दुकानदार म्हणेल, "ही कंपनी नाही, पण कंटेंट सेम आहे." रागावू नकोस, तो खोटं बोलत नसतो. पण फिटच्या औषधात कंपनी सारखी बदलू नये. बदलावीच लागली तर डॉक्टरांच्या कानावर घाल.

आता एक जुनी गोष्ट सांगते. घरात कुणाला कधी सांगितली नाही.

मी दुकानात नवीन होते. एक शिंपी दर महिन्याला फेनिटोईनच्या गोळ्या न्यायला यायचे. त्यांच्या घराशेजारीच औषधाचं दुकान होतं, तरी सायकल मारत गावाच्या या टोकाला आमच्याकडे यायचे. गल्लीत कुणाला कळू नये म्हणून, हे मला पुढे समजलं. एकदा आमचा साठा संपला होता. दुकानात गर्दी होती. मी मान वर न करता म्हणाले, "परवा या." ते "बरं" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दुकानात विचारणं त्यांच्याने झालं नाही. तिसऱ्या दिवशी कपड्यांना इस्त्री करताना त्यांना फिट आली आणि हात तापलेल्या इस्त्रीखाली गेला. त्यांची बायको भाजल्याचं मलम न्यायला आली, तेव्हा मला कळलं. तिने मला बोल लावला नाही. समोरच्या दुकानात पोऱ्या पाठवून मी दोन मिनिटांत एक स्ट्रिप मागवू शकले असते.

त्या दिवशी मी एक शिकले. या औषधात घोटाळा होतो तो बहुतेक वेळा गोळी आणि माणूस यांच्या मधल्या जागेत. साठा संपतो, लाज वाटते, प्रवास निघतो, उपास असतो, आणि "आता बरं आहे की" असं वाटतं. आजवर ती जागा वहिनी सांभाळत होती. इथून पुढे ती तुझी.

म्हणून सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या. शेवटच्या गोळीपर्यंत थांबायचं नाही. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. गावी येताना गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेव, एसटीच्या डिकीत जाणाऱ्या बॅगेत नको. नवरात्राचे नऊ दिवस धर, एकादशी धर, पण गोळीला उपास नसतो. पाण्याचा घोट आणि एक गोळी घेतल्याने कोणत्याही देवीचा कोप होत नाही.

तुझ्या औषधाची एक खोड आहे, ती नीट समजून घे. ते अंगात हळूहळू चढवावं लागतं. आधी दोन आठवडे रोज 25, मग दोन आठवडे रोज 50, आणि आता पाचव्या आठवड्यापासून सकाळी 50, रात्री 50. डॉक्टर उशीर करताहेत असं दादाला वाटलं होतं. तो उशीर नव्हे, ती सावधगिरी. घाईने वाढवलं तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. पुरळ पुष्कळदा साधंच असतं, पण क्वचित ते जिवावर बेततं, कातडी सोलवटून निघते. हा धोका मुख्यतः पहिल्या आठ आठवड्यांत असतो, म्हणजे तू अजून त्यातच आहेस. अंगावर लाल पुरळ दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचार, त्याच दिवशी. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर फोनवर न थांबता थेट इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा. आणि हा महिनाभर नवी क्रीम, नवा साबण, मैत्रिणीचं फेसवॉश यातलं काही वापरू नकोस. पुरळ उठलंच तर कशाने उठलं, हा घोळ तरी होणार नाही.

याच खोडीमुळे आणखी एक नियम येतो. एखादी गोळी विसरलीस तर आठवल्याबरोबर घे. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून दे. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. ओळीने दोन-तीन चुकल्या तर डॉक्टरांना फोन कर. आणि कधी काळी सलग पाच-सहा दिवस खंड पडलाच, तर आपल्या मनाने जुन्या डोसवर यायचं नाही. तोवर औषध अंगातून जवळजवळ उतरलेलं असतं, आणि एकदम पूर्ण डोस घेणं म्हणजे पुरळाला आमंत्रण. बहुधा पुन्हा खालच्या पायरीपासून चढावं लागतं, आणि ते डॉक्टरच ठरवतात.

आता इतर औषधांबद्दल. हॉस्टेलवर प्रत्येक मुलगी अर्धी डॉक्टर असते. ताप आला, डोकं दुखलं, तर पॅरासिटामॉल चालते. पण जुलाब लागले की काउंटरवर सर्रास मिळणारी ऑफ्लॉक्सासिनची गोळी घेऊ नकोस. त्या जातीची अँटिबायोटिक्स फिट ओढवू शकतात. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉलही तसंच. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलीस, अगदी दाताच्या, तरी खुर्चीत बसता बसता आधी सांगायचं: "मला फिटचं औषध चालू आहे, लॅमोट्रिजिन."

आणि वहिनी सांगायची नाही ते मी सांगते. पाळी अनियमित आहे, पीसीओडी आहे म्हणून मुलींना हॉर्मोनच्या गोळ्या देतात. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे तुझ्या औषधाचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं. डोस चुकलेला नसतो, तरी फिट येते आणि माणूस चक्रावून जातो. अशा गोळ्या सुरू करताना आणि बंद करतानाही मेंदूच्या डॉक्टरांना आधी विचारायचं. पुढे कधी मूल हवंसं वाटेल, तेव्हाही आधी विचार. गरोदरपणात या औषधाचं प्रमाण खाली जातं आणि डोस सांभाळावा लागतो. भीतीने परस्पर बंद करणं हे सगळ्यात वाईट.

चक्कर, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं असं काही झालं तर ते अंगावर काढू नकोस, डोस जास्त होत असेल. मन फार उदास राहायला लागलं, जगणं नकोसं वाटलं, तर तेही औषधाचंच लक्षण समजून लगेच सांग. मला रात्री दोनला फोन केलास तरी चालेल.

झोपेबद्दल तू माझ्यावर चिडशील. गणपतीत पुण्याची विसर्जनाची रात्र बघण्यासारखी असते, मला ठाऊक आहे. पण जागरण आणि फिट यांची जुनी गट्टी आहे. संध्याकाळी मिरवणूक बघ आणि वेळेवर परत ये. स्कूटीचं म्हणशील, तर डॉक्टर होकार देईपर्यंत नाही. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिट येते का, हा प्रश्न असतो, आणि तिथे खोटं लिहून सही करायची नाही. न्हाणीघराची कडी आतून लावू नकोस, दार नुसतं लोटून घे.

राहिली चर्चा. खोलीतल्या मुलींना सगळं सांग असं मी म्हणत नाही. एकीला सांग, जी घाबरणार नाही असं वाटेल तिला. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली ओढणी घडी करून ठेवायची, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर 108. कांदा आणि चप्पल यांना हॉस्टेलच्या खोलीत काही काम नाही. एवढं सांगायला तुला दोन मिनिटं लागतील. ज्याला ही दोन मिनिटं जमली नाहीत, तो माणूस गाव ओलांडून सायकलवर माझ्याकडे येत राहिला.

वहिनीला लग्नाची काळजी आहे, दुसरं काही नाही. तिला मी सांगणार आहे की फिट हे लग्न मोडायचं कारण म्हणून कायद्यात लिहिलेलं होतं, ते 1999 मध्ये काढून टाकलं. कायद्याने सोडलं ते आपण घरात कशाला धरून बसायचं? तिला पटेल, वेळ लागेल.

"कशी आहेस" असं मी रोज विचारणार नाही. त्याला तू "बरी आहे" म्हणशील आणि मला काही कळणार नाही. त्याऐवजी दर रविवारी उरलेल्या गोळ्या मोज आणि नुसता आकडा पाठव. दिवसाला दोन, आठवड्याला चौदा. कधी नवी स्ट्रिप आणलीस तर तेही लिही, नाहीतर माझा हिशोब चुकेल. माझं गणित अजून पक्कं आहे.

तुझी,
आत्या