तांदळातले सत्त्व कुठे भरते, कुठे जाते?



आपल्या वर्धा जिल्ह्यात धान थोडे. शेत कापसाचे, तुरीचे, सोयाबीनचे. पण राशनमुळे पोडावरही रोज भात शिजतो. बैठकीत बहिणी विचारतात, "तांदूळ म्हणजे तांदूळच ना?"

तसे नाही. पहिला फरक वाणाचा. साध्या पांढऱ्या तांदळात प्रथिने शंभर ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम असतात. कटकच्या संस्थेने काढलेल्या सी.आर. धान ३१० मध्ये ती दहाच्या आसपास आहेत. हैदराबादच्या संस्थेचा डी.आर.आर. धान ४५ जस्तासाठी निवडलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एच.एम.टी. आपल्याला आवडतो तो बारीक दाण्यासाठी आणि चवीसाठी. बाजारात सत्त्व विचारून तांदूळ कोण घेतो?

दुसरा फरक शेताचा. पाणी साचलेल्या बांधीत लोह विरघळते, पण जस्त मुळांना कमी मिळते. फुलोऱ्याच्या सुमारास नत्र मिळाले तर दाण्यात प्रथिने वाढतात. दाणा भरताना रात्री उकाडा राहिला, तर त्याचे पोट पांढरे आणि ठिसूळ राहते. भरडताना त्याची कणी होते.

एवढे करून घडलेले सत्त्व गिरणीत जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात शंभर ग्रॅम बिनपॉलिश तांदळात ब-१ जीवनसत्त्व ०.२७ मिलिग्रॅम आहे, पॉलिश केलेल्यात ०.०५. उकड्या तांदळात मात्र ०.१७, कारण धान उकडताना कोंड्यातले जीवनसत्त्व आत मुरते. हे दुखणे वर्ध्याला जुनेच. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीतून हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला होता.

म्हणून घरचे धान असेल तर गिरणीवाल्याला "पॉलिश कमी मार" असे सांगा. कोंड्यातले तेल खवट होते, तेव्हा असा तांदूळ पंधरा दिवसांपुरताच काढा. राशनचा तांदूळ फार धुऊ नका, पेज फेकू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. बिनपॉलिश तांदळातही लोह शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमच्या आसपासच. अंगात रक्त कमी असेल तर नुसता तांदूळ बदलून भागणार नाही. डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू हवेच. लोहाच्या गोळ्या दवाखान्यात विचारून घ्या, आणि घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.