पुढचं गाणं आधीच ऐकू येतं

प्रश्न : लता मंगेशकरांच्या ‘अभंग तुकयाचे’ची कॅसेट आमचे वडील दर रविवारी सकाळी लावत. आता मोबाइलवर त्यातला एक अभंग संपला, की पुढचा सुरू व्हायच्या आधीच तो मला ऐकू येतो. वर थालीपिठाचा वासही येतो! मध्येच दुसरं काही लागलं तर दचकायला होतं. हा काय प्रकार? आणि ती कॅसेट अजून कपाटात आहे, वाजवावी का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : यात दोन भुतं आहेत. एक टेपमधलं, दुसरं डोक्यातलं.

टेपमधलं खरंखुरं ऐकू येतं. कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद. ती थरावर थर गुंडाळून वर्षानुवर्षं पडून राहिली, की एका थरावरचा आवाज चुंबकत्वामुळे शेजारच्या थरावर अगदी पुसट उमटतो. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं धावते. म्हणजे रिळाचा एक वेढा उलगडायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि तेवढंच आधी पुढच्या गाण्याचं पहिलं अक्षर शांततेत कुजबुजून जातं. जुन्या कॅसेटवर आवाज मोठा करून ऐका, सापडेल.

पण मोबाइलमध्ये फीत नाही. तिथलं भूत तुमचं स्वतःचं.

2009 साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. पाठ झालेल्या सीडीवरच्या गाण्याचा शेवट ऐकवायचा आणि नंतरच्या शांततेत मेंदू काय करतो ते स्कॅनरनं टिपायचं. मेंदूच्या पुढच्या भागात, हालचालींचा क्रम आखणारी केंद्रं त्या शांततेतच कामाला लागलेली दिसली. अनोळखी गाण्यांनंतर तसं झालं नाही. म्हणजे गाण्यांची रांग आपण अंधारात जिना उतरावा तशी शिकतो : पुढची पायरी पायाला माहीत असते. म्हणूनच ती उलटी येत नाही. ‘सतरा साती किती?’ असं मधूनच विचारलं, तर आपण मनात सतरा एके सतरापासून निघतो. तसंच चौथ्या अभंगाच्या आधी कोणता होता, हे सांगायला तुम्हाला पहिल्यापासून यावं लागेल. करून पाहा.

ही पाठांतराची शिस्त कॅसेटनं लावली. गाणं ओलांडायचं तर बटण दाबून अंदाजानं फीत पळवायची, पुढे गेली की मागे आणायची. त्यापेक्षा मुकाट्यानं बाजू संपेपर्यंत ऐकलेलं बरं. खट् झालं की उलटायची.

चुकासुद्धा पाठ होतात. ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका 1974 ची, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीची. आमच्याकडे ती शेजाऱ्यांच्या तबकडीवरून, त्यांच्या दिवाणखान्यात माइक धरून उतरवलेली होती. बाबासाहेब पुरंदरे यांचं निवेदन ऐन भरात असताना तिच्यात कुकरची शिट्टी होते. आता स्वच्छ प्रत ऐकताना त्या जागी मी थांबतो, शिट्टी होत नाही, आणि काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटतं.

थालीपिठाचं कोडं सोपं आहे. कॅलिफोर्नियातले संशोधक पेत्र जनाटा यांनी 2009 सालीच दाखवलं, की ओळखीची सुरावट आणि तिच्याशी बांधलेली आठवण कपाळामागच्या एकाच भागात गाठ घेतात. त्यात माणसाला दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. तुमची कॅसेट फक्त रविवारी, फक्त त्या घरात वाजली, म्हणून गाठ पक्की राहिली. लग्नाच्या प्रत्येक मांडवात वाजणाऱ्या गाण्याला असा एकच वास कुठून चिकटणार? माझं मत विचाराल तर मोबाइलवर रोज रोज ऐकून ती गाठ सैल करू नका.

कॅसेट मात्र जरूर वाजवा, पण थेट नको. आधी दाबपट्टी पाहा : खालच्या उघड्या कडेला, फितीच्या मागे नमद्याचा चिमुकला तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो. तो जागेवर असेल तर भोकात पेन्सिल घालून सैल पडलेली फीत ताणून घ्या, मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. चिकटलेले थर सुटतात. पहिल्यांदा वाजवतानाच ती मोबाइलवर उतरवून घ्या, आणि तेव्हा घरात कुकर लावू नका.