अपुऱ्या कामाचे संमेलन

शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात आपण पुरे झालेले, नीट चालणारे उपकरण मांडतो. पण अर्धवट राहिलेले, कुठेतरी अडलेले काम मुद्दाम लोकांपुढे मांडायचे, असाही एक मेळावा असतो. अनेक विद्यापीठांतील जीवशास्त्र विभाग तो दरवर्षी भरवतात. इंग्रजीत त्याला ‘रिट्रीट’ म्हणतात. आपण ‘संशोधन-शिबिर’ म्हणू.

हे शिबिर दोन-तीन दिवस विद्यापीठाच्या आवाराबाहेर, डोंगरावर किंवा समुद्रकाठी भरते. बाहेर कशासाठी? जीवशास्त्राची प्रयोगशाळा माणसाला सहसा मोकळे सोडत नाही. जीवाणूंना वेळच्या वेळी नवे खाद्य लागते, फळमाश्यांच्या बाटल्या बदलाव्या लागतात. आवारातच सभा असली, तर जो तो आपले बोलणे संपताच कामाकडे पळतो. गाव लांब असले म्हणजे पळता येत नाही. मग यीस्टवर काम करणारी विद्यार्थिनी मेंदूचा अभ्यास करणाऱ्याशेजारी जेवायला बसते, आणि बोलणे सुरू होते.

येथे मुख्य वक्ते असतात पीएच.डी.चे विद्यार्थी. कोणी दहा-पंधरा मिनिटे बोलतो. कोणी आपले काम मोठ्या तक्त्यावर मांडून त्याशेजारी उभा राहतो. ऐकणारे बहुधा दुसऱ्या विषयातले असतात, म्हणून त्यांचे प्रश्न साधे पण अवघड असतात. ‘तुलनेसाठी काय ठेवले होते?’ ‘हाच निष्कर्ष दुसऱ्या एखाद्या कारणाने आला नसेल कशावरून?’ रोज त्याच टेबलाशी बसणाऱ्याला हे सुचत नाही.

अशा भेटीतून काय घडू शकते, याचे एक उदाहरण पाहू. 1954 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी अभ्यासवर्गाच्या निमित्ताने दोन तरुण भेटले. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल. दोघेही वेगवेगळ्या विद्यापीठांतले संशोधक विद्यार्थी. आदल्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक यांनी डी.एन.ए.ची दुहेरी रचना मांडली होती. तिची नक्कल कशी होते? जुनी जोडी अखंड राहून नवी वेगळी बनते, की जुना एकेक धागा नव्या धाग्याशी जोडला जातो, की जुने-नवे तुकडे सर्वत्र मिसळतात? हा प्रश्न दोघांनी सोडला नाही.

पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी जीवाणू जड नायट्रोजनवर (नायट्रोजन-15) वाढवले आणि मग साध्या नायट्रोजनवर (नायट्रोजन-14) सोडले. त्यांचा डी.एन.ए. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिशय वेगाने फिरवला, की जड खाली आणि हलका वर असे पट्टे पडत. एका पिढीनंतर एकच, मधला पट्टा दिसला. दोन पिढ्यांनंतर दोन पट्टे दिसले, मधला आणि हलका, सारखेच. 1958 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पहिल्या निकालाने कोणती शक्यता बाद झाली, दुसऱ्याने कोणती, हे तुम्हीच ठरवा. तिसऱ्या पिढीनंतर दोन पट्ट्यांचे प्रमाण काय असेल, तेही काढा.

करून पाहा : वर्गात चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाने महिनाभर एक प्रश्न हाताळावा. उदाहरणार्थ, मिठाच्या पाण्यात मूग किती मोड धरतात? मग एका शनिवारी वर्ग सोडून मैदानातील झाडाखाली जमा. तक्त्यावर चारच गोष्टी लिहा : प्रश्न, काय केले, काय दिसले, कुठे अडलो. दुसऱ्या गटातील प्रत्येकाने निदान एक प्रश्न विचारायचा. ज्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तो वहीत लिहून घ्यायचा. शिक्षकांनी त्याचे उत्तर लगेच सांगू नये. पुढच्या आठवड्याचा प्रयोग त्यातूनच सुरू व्हायचा आहे.