त्याला दुर्बीण का नाही घातली?

प्रश्न : दर्यापूरकडे शेतात माझ्या मेव्हण्याला बैलाचं शिंग लागलं, डाव्या बरगडीच्या खालच्या अंगाला. जखम लहानशी, तो स्वतः चालत दवाखान्यात आला. सोनोग्राफी साफ निघाली, तरी डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं. त्याच रात्री मोटारसायकलच्या अपघातातला एक पेशंट आला. त्याचं पोट मात्र सरळ उघडलं. त्याला दुर्बीण का नाही?
— एक वाचक, राजापेठ, अमरावती

उत्तर : फरक बहुधा बीपीचा. दुर्बीण घालण्याआधी पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवावं लागतं, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं. त्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. एरवी माणूस ते सोसतो. पण ज्याला आत रक्तस्राव चालू आहे, सलाईन आणि रक्त देऊनही ज्याचा बीपी टिकत नाही, त्याला हे झेपत नाही. शिवाय रक्त साचलेल्या पोटात दुर्बिणीला दिसणार तरी काय? तिथे मोठा छेद घेऊन रक्त थांबवायचं, बाकी सगळं नंतर.

मेव्हण्यांबाबत शंका निराळी होती : शिंग पोटात शिरलं, की स्नायूतच थांबलं? शिंग तिरपं घुसतं, त्यामुळे वरच्या भोकावरून आतली वाट कळत नाही. (शिंगाला शेणमाती असते, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय ना, एवढं विचारून घ्या.) सोनोग्राफीत साचलेलं रक्त दिसतं, आतड्याचं बारीक छिद्र निसटू शकतं. आणि डाव्या बरगडीखालची जखम म्हटली की सर्जनला खरी धास्ती असते छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची, म्हणजे श्वासपटलाची. त्याची लहानशी फाट सीटी स्कॅनमध्येही सुटू शकते. उजवीकडे निदान यकृताचा आडोसा असतो. डावीकडची फाट तशीच राहिली, तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, जठर किंवा आतडं छातीत सरकून अडकतं. दुर्बिणीतून हा पडदा समोर दिसतो. मात्र तो फाटलेला असला तर पोटातला गॅस छातीत शिरतो, म्हणून भूलतज्ज्ञाला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

पूर्वी अशा जखमांत सरसकट पोट उघडत, आणि कित्येकदा आत काहीच सापडत नसे. मोठ्या टाक्यांचं दुखणं तेवढं पदरी पडायचं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया १९७२पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. तिच्या मदतीनं पित्ताशय काढलं ते १९९०मध्ये. आपल्याकडे दुर्बीण आली ती आधी पाहण्यासाठीच.

तिलाही सगळं दिसतं असं नाही. स्वादुपिंड आणि ड्युओडेनमचा बराचसा भाग मागे दडलेला असतो. आतडंही टप्प्याटप्प्यानं उलटून पाहावं लागतं. त्यामुळे गरज पडल्यास पोट उघडू, अशी संमती आधीच घेतात. मेव्हण्यांची तपासणी साफ निघाली असली, तरी ताप, उलट्या, पोट फुगणं किंवा दम लागणं यांपैकी काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना त्याच सर्जनकडे न्या.