घरांतील साखरेचा हिशेब व मसाल्याचा उपयोग

खताच्या गोण्या, मजुरांची हजेरी, पाण्याच्या पाळ्या यांचा हिशेब आपल्यापैकीं पुष्कळ शेतकरी बंधु नीट ठेवतात. परंतु घरांत महिन्याकांठीं साखर किती येते व ती कोठें जाते, असें विचारलें तर बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. तो हिशेब कसा करावा, आणि साखर कमी करून अन्नाची रुचि मसाल्यानें कशी राखावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न किरकोळ नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत देशांतील मधुमेही लोकांची संख्या सुमारें १० कोटि १० लाख व मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारें १३ कोटि ६० लाख धरली आहे. मधुमेह शहरांत अधिक आहे खरा. पण उंबरठ्यावरील लोकांचें प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळ जवळ सारखेंच आढळलें. साखर हें या रोगाचें एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, वाढलेलें वजन व घटलेले श्रम हींही कारणें आहेत. मोट गेली व वीजपंप आला. नांगर ट्रॅक्टर ओढूं लागला. अंगमेहनत कमी झाली, पण पेल्यांतील साखर कमी झाली नाहीं. न वापरलेली शक्ति चरबीच्या रूपानें अंगावर सांठते, आणि दांत किडतात ते निराळेच.

हिशेब असा करावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणें, दररोज २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या माणसानें वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आंत ठेवावी. २५ ग्रॅमच्या आंत ठेवल्यास अधिक चांगलें. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यांत सुमारें ४ ग्रॅम साखर मावते. कपास दोन चमचे व दिवसास चार कप धरले, तर एका माणसाच्या पोटांत चहावाटेंच ३२ ग्रॅम साखर जाते. पांच मोठ्या माणसांच्या घरांत महिन्यास ही साखर ४ किलो ८०० ग्रॅम होते. उलट २५ ग्रॅमच्या मापानें त्या घरास सर्व मिळून ३ किलो ७५० ग्रॅम पुरावी. म्हणजे शिरा, लाडू, बिस्किटें व बाटलींतील गोड पेयें हिशेबांत धरण्यापूर्वींच मर्यादा ओलांडली जाते.

येथें कोणी म्हणेल, आम्ही साखर सोडून गूळ खातों. गुळांत लोहादि क्षार थोडे असतात, हें खरें. पण त्याचा बहुतेक भाग साखरच होय. म्हणून गूळ, काकवी व मध हींही वरील मापांतच धरलीं पाहिजेत.

मसाला काय करतो? मसाल्यानें साखर पचते किंवा मधुमेह बरा होतो, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. खरा लाभ कमी केलेल्या साखरेचा आहे. मसाला ती कमी करण्यास मदत करतो, इतकेंच. आपण ज्यास चव म्हणतों तिचा मोठा भाग वास्तविक वास असतो. वेलदोडा, दालचिनी, बडीशेप व जायफळ यांचा सुवास गोड पदार्थांशीं आपल्या मनांत जोडला गेलेला आहे. त्यामुळें हा सुवास असला म्हणजे थोडी साखरही पुरेशी वाटते.

चहा. एकदम साखर बंद केल्यास घरांतील माणसें कंटाळतात व नियम मोडतो. यास्तव दर पंधरवड्यास कपामागें अर्धा चमचा कमी करावा. दीड महिन्यांत दोन चमच्यांचा अर्धा चमचा होतो. पांच कपांस बोटाच्या पेराएवढें आलें व दोन वेलदोडे ठेचून घालावे. आलें नसेल तेव्हां सुंठ व थोडी बडीशेप चालते. जीभ सवयीची आहे. कांहीं आठवड्यांनीं पूर्वीचा चहा तिलाच पाकासारखा लागतो. लहान मुलांस चहाची सवय लावूंच नये.

जेवण. आमटींत गुळाचा खडा घालण्याची जेथें चाल आहे, तेथें तो निम्मा करावा आणि धणे, जिरें, तीळ, खोबरें, दगडफूल इत्यादि भाजून केलेला गोडा मसाला ताजा घालावा. पुरणास डाळीइतका गूळ घेण्याऐवजीं पाऊणपट घ्यावा व जायफळ, वेलदोडा आणि सुंठ सढळ हातानें घालावीं. शिऱ्यासही हाच नियम लावावा. सणाचें पक्वान्न टाकावें असें आम्ही म्हणत नाहीं. तें सणालाच व्हावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

सावधगिरी. मसालेदार म्हणजे तिखटजाळ व तेलकट नव्हे. कांदा-लसूण मसाल्यांत बहुधा मीठ असतेंच. तितकें मीठ भाजींतून वजा करावें. बाजारांतील जाड सालीची दालचिनी रोज चमचा चमचा खाऊं नये. तींतील कुमारिन हें द्रव्य अधिक प्रमाणांत यकृतास बाधतें. हळदीस पिवळेपणा आणण्यासाठीं लेड क्रोमेट हा विषारी रंग लावल्याचीं उदाहरणें घडलीं आहेत. म्हणून भडक चकाकणारी हळकुंडें टाळून खात्रीची हळद घरीं दळवून घ्यावी. जे मधुमेहाचें औषध वा इन्सुलिन घेतात, त्यांनीं आहारांत बदल करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. त्यांची रक्तांतील साखर एकाएकीं उतरली तर साखर देणें हाच तत्काळचा उपाय असतो.

मळ्यांतील मसाला. घरापुरता मसाला पिकविण्यास फारशी जमीन लागत नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत आलें व हळदीच्या दोन-चार सऱ्या लावाव्या. रब्बींत धणे, मेथी, ओवा व लसूण यांचे वाफे करावे. परसांत कढीपत्त्याचें एक झाड असावें. कोंकणांतील बंधूंस नारळी-पोफळींवर मिरीचा वेल चढवितां येतो व जायफळही लावतां येतें.

राहिला ऊसवाल्यांचा प्रश्न. साखर कमी खा, असें उसाच्या मुलखांत सांगणें कित्येकांस विपरीत वाटेल. पण तंबाखू पिकविणाऱ्यानें ती खाल्लीच पाहिजे असें जसें नाहीं, तसेंच उसाचें आहे. ऊस हें आपलें पीक आहे, औषध नव्हे. कारखान्यांत त्यापासून इथेनॉलही होतें. घरच्या डब्यांतील दोन किलो साखर वांचली म्हणून उसाचा भाव पडत नाहीं.

तरी वाचकांस आमची सूचना अशी कीं, येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस घरांतील साखर व गूळ तोलून वहींत लिहावा, महिन्यांत विकत आणलेला त्यांत मिळवावा आणि अखेरीस शिल्लक वजा करावी. निघालेल्या आंकड्यास माणसांच्या संख्येनें व तीस दिवसांनीं भागावें. तो आंकडा घरांतील स्त्रियांसही दाखवावा, कारण डब्याची किल्ली त्यांच्या हातीं असते. आणि पुरुषांनीं दुसरा चहा मागतांना तो स्मरावा.