भाचीस, संस्थेत रुजू होण्याआधी

चि. छकुली,


बँकेची नोकरी सोडून तू त्या संस्थेची कार्यकारी संचालक होते आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिच्या आवाजात कौतुकापेक्षा काळजीच जास्त होती. माझी हयात अशा संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली, म्हणून न विचारता लिहितो आहे.

रुजू होण्याआधी शेड्यूल वनचा उतारा, संस्थेची घटना आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घे. उताऱ्यावरची विश्वस्तांची नावं नीट वाच. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कित्येक ठिकाणी तो राहून जातो आणि दिवंगत माणसं कागदोपत्री विश्वस्तच राहतात. मग बँकेतली सही बदलायची वेळ आली, की सगळं अडतं. असली कामं वार्षिक अहवालात छापून येत नाहीत. पण ती तुझीच आहेत, 'कार्यालय बघेल' म्हणून टाळू नकोस.

पैशाबद्दल थोडंच. 2013 च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. देणाऱ्याला पाण्याची टाकी दिसते, तिचा हिशेब लिहिणारा दिसत नाही. परदेशी निधीतून प्रशासनावर पूर्वी 50 टक्क्यांपर्यंत खर्च चालायचा, 2020 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 20 वर आणली. तरीही लेखनिकाचा पगार भलत्याच शीर्षकाखाली दडवू नकोस. उघड माग, नकार आला तर येऊ दे.

आता खरं सांगायचं ते जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे गेले, तेव्हा गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवायचा बेत होता. तो जमेना, परिचारिका खेड्यात रुळेनात. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावी परतून बाळंतपणं आणि लहान मुलांची दुखणी सांभाळायची. डॉक्टरनं आपली विद्या अशी वाटून टाकणं सोपं नव्हे. मान तिच्याच जोरावर मिळत असतो. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळाला, तो सगळ्यांना ठाऊक असतो. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये, आणि प्रकल्प चालूच राहिला. मला याचं मोल पुरस्काराहून मोठं वाटतं.

उलट, जिथे साधी बिलंसुद्धा संस्थापकांच्या सहीवाचून निघत नाहीत, अशी कार्यालयं मी पुष्कळ पाहिली. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो, आणि ते समोर खुर्चीत जिवंत! तुझ्या हाताखालच्या मुलीला पहिल्याच वर्षी देणगीदारांच्या बैठकीला ने आणि बोलू दे. ती अडखळली तरी तू मध्ये पडू नकोस. रजेवर गेलीस की फोन घरी ठेवून जा, काय काय अडलं ते आल्यावर कळेल.

पगार मात्र पूर्ण घे. संचालकच निम्म्यावर राबला, तर शिपायाला वाढ मागायचं तोंड राहत नाही.

आईशी मी बोलतो. तू तिला त्यागावर भाषण देऊ नकोस. पीएफ कापतात का, तेवढं सांग, तिला तेच हवं आहे.

तुझा,
मामा