सूर्यघड्याळ : तीनशे रुपयांत की दहा हजारांत?

सूर्यघड्याळ बरोबर चालायला दोन गोष्टी लागतात : काट्याचा कोन आणि खरी उत्तर दिशा. दोन्ही फुकट मिळतात. लोक पैसे घालवतात ते पितळेवर, ग्रॅनाइटवर आणि वर कोरलेल्या नक्षीवर. त्यामुळे दहा हजारांचं घड्याळ तासभर चुकतं आणि प्लंबरकडच्या उरलेल्या पाइपचं पाच मिनिटांच्या आत वेळ सांगतं, असं सहज घडू शकतं. पुढे दिलेले भाव अंदाजाचे आहेत. गावागणिक फरक पडेल, पण खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही हे त्याने बदलत नाही.

आधी तयार मालाबद्दल. ऑनलाइन आणि पर्यटनस्थळांवरच्या दुकानांत ‘अँटिक’ म्हणून पितळी सूर्यघड्याळं मिळतात. घेण्याआधी काट्याचा पायाशी असलेला कोन मोजा. तो तुमच्या गावाच्या अक्षांशाइतका हवा : पुण्याला साडेअठरा अंश, मुंबईला एकोणीस, नागपूरला एकवीस, पणजीला साडेपंधरा. दुकानातल्या घड्याळाचा काटा बहुधा चाळीस-पन्नास अंशांत उभा असतो, कारण नमुना युरोपातला असतो. असा तुकडा घरात आधीच असेल तर टाकून देऊ नका. पन्नास अंशांचं घड्याळ पुण्यात वापरायचं तर त्याची दक्षिणेकडची कड साडेएकतीस अंशांनी उचला, म्हणजे काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो आणि तासांच्या मूळ रेषाही बरोबर लागू पडतात. अर्थात मुळात त्या रेषा नीट आखलेल्या असाव्या लागतात. नुसती शोभेची वस्तू असेल तर कितीही उचला, उपयोग नाही.

माझी शिफारस अर्ध्या पाइपची. ड्रेनेजच्या ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या. दुकानदार सहसा फूटभर कापून देत नाही, पण प्लंबरकडे किंवा चालू बांधकामावर उरलेला तुकडा पन्नास-शंभर रुपयांत, कधी नुसत्या चहावर मिळतो. तो लांबीत बरोबर मधोमध चिरून घ्या. ग्राइंडरवाला त्याचे पन्नासेक रुपये घेईल. पन्हळीसारखं जे अर्धं हातात येतं ती तुमची तबकडी. काट्यासाठी सायकलचा स्पोक, दहा रुपयांचा. पन्हळीच्या दोन्ही टोकांना प्लायचे अर्धगोल तुकडे चिकटवा (सुताराकडची कात्रणं चालतात) आणि स्पोक दोन्ही कडांच्या पातळीत, बरोबर मध्यावर ताणून बसवा. इथे दोन मिलिमीटर चुकलात तर आठ-दहा मिनिटं गेलीच.

आकडे आखायला कोनमापकही नको. पन्हळीच्या आतल्या वळणावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसेल एवढी कागदाची पट्टी कापा. तिची दोनदा निम्मी घडी घाला, मग प्रत्येक भागाचे तीन. झाले बारा तास, सगळे सारखे. या पाइपात एक तास पावणेचौदा मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे पाच मिनिटांना जेमतेम मिलिमीटर. जास्त बारीक हवं असेल तर १६० मिलिमीटरचा पाइप घ्या, तास वीस मिलिमीटरच्या जवळ जातो. जयपूरच्या जंतरमंतरातलं बृहत् सम्राट यंत्र याच तत्त्वावर उभं आहे. त्याची उंची सत्तावीस मीटर, म्हणून ते दोन सेकंदांपर्यंत जातं. तुम्हाला तेवढी घाई नसेल असं धरतो.

बैठक पुणेकरांना तर अगदीच सोपी. तीस सेंटिमीटर लांबीच्या पाचरीचं उत्तरेकडचं टोक दहा सेंटिमीटर उचललं की कोन साडेअठरा अंशांना टेकतो. कोल्हापूरला नऊ सेंटिमीटर पुरतात, मुंबईला साडेदहाच्या जरा आत, नागपूरला साडेअकरा, पणजीला सव्वाआठ. लाकडी पाचर सुतार शंभर रुपयांत करून देईल. चिकटवायला अ‍ॅरल्डाइट आणि पट्टीला लॅमिनेशन धरून सगळा खर्च तीनशे-साडेतीनशेच्या घरात बसतो.

उत्तर शोधायला मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया त्याला फसवतात. कात्यायन शुल्बसूत्रात सांगितलेली रीत आजही सगळ्यात भरवशाची. सपाट जागी एक काठी ओळंब्याने उभी करा आणि बुंध्याभोवती वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा, आणि गुण्याने तिच्यावर काटकोन काढला की उत्तर. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा, आकाश स्वच्छ असतं आणि सावल्या लांब. मेच्या मध्याला तर पुण्या-मुंबईत माध्यान्हीला काठीची सावलीच पडत नाही, तेव्हा मापायचं काय?

आता सगळं बरोबर बसवूनही घड्याळ मनगटावरच्यापेक्षा अर्धा तास मागे दिसेल. सूर्यघड्याळ स्थानिक वेळ दाखवतं आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. दर अंशाला चार मिनिटं, म्हणून पुणं सुमारे पस्तीस मिनिटं मागे, मुंबई साडेअडतीस, छत्रपती संभाजीनगर साडेअठ्ठावीस, सोलापूर सव्वीस, नागपूर जेमतेम चौदा. (प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती. सूर्याच्या दृष्टीने मुंबईचंच बरोबर होतं.) यावर उपाय पट्टीतच करा. पन्हळीच्या तळाच्या रेषेला पुण्यात बारा न लिहिता बारा पस्तीस धरा, म्हणजे बाराची खूण आठ मिलिमीटर पश्चिमेकडे सरकेल आणि बाकीचे तास तिच्यामागोमाग. सपाट दगडी घड्याळात ही सोय नाही. तिथे तास सारख्या अंतरावर नसतात. पुण्यात बारा ते एकमध्ये पाच अंशही नाहीत आणि पाच ते सहामध्ये चाळीस आहेत. त्यामुळे प्रत्येक रेषा नव्याने काढावी लागते. सगळी तबकडीच थोडी फिरवून भागवणारे कारागीर भेटतात, त्यांना नको म्हणा.

एक फरक मात्र उरतोच, कारण पृथ्वीचा वेग वर्षभर सारखा नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिसेल त्या वेळेत चौदा मिनिटं मिळवा, जुलैअखेरीस सहा-साडेसहा. मेच्या मध्याला चारेक मिनिटं वजा करा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तब्बल सोळा. एप्रिल आणि जूनचा मध्य, १ सप्टेंबर आणि नाताळ, या सुमारास काहीच करायला नको. हा तक्ता घड्याळाशेजारीच चिकटवा.

तरीही शाळेच्या आवारात किंवा बागेत कायमचं, देखणं घड्याळ हवं असेल तर हिशोब असा करा. दोन बाय दोन फुटांचा दगड म्हणजे चार चौरस फूट. ग्रॅनाइट असेल तर वजन सतरा-अठरा किलो, एकट्याने उचलायला जाऊ नका. कोरीव आकड्यांसाठी नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे जा, तो अक्षरावर पैसे लावतो. सहा ते सहा म्हटलं तर सोळा अंक होतात. स्टेनलेस स्टीलचा काटा फॅब्रिकेटरकडून घ्या. चौथरा धरून पाच हजारांच्या आत क्वचितच भागतं, दहापर्यंत जाऊ शकतं. पितळेचा मोह असेल तर फूटभर व्यासाची, पाच मिलिमीटर जाडीची तबकडी तीन किलो भरते. त्या दिवसाच्या भावाने गुणा, मजुरी वेगळी. आणि ती चोरीला जाते, हेही हिशोबात धरा.

पैसे मोजण्याआधी जागा बघा. सकाळी नऊ ते दुपारी चार पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली येत नाही ना, हे डिसेंबरमध्ये तपासा, तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात. सोसायटीच्या गच्चीत भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग बिघडल्याचं खापर तुमच्यावर फुटेल, मग तीनशे रुपयांचं घड्याळ तीस हजारांना पडेल. वजनदार फरशीवर चिकटवून ठेवलं तरी पुरतं, फक्त फरशी पाणसळीत हवी आणि तिच्या जागेची खूण गच्चीवर रंगाने करून ठेवा. जूनमध्ये घड्याळ आत घ्या, ऑक्टोबरमध्ये त्याच खुणेवर परत ठेवा. पट्टीवरची मार्करची शाई उन्हाने हंगामाभरात फिकी पडते, म्हणून आकडे ऑइलपेंटने काढा किंवा तेव्हाच नवी पट्टी घाला, लॅमिनेशनसकट वीस-तीस रुपये.